बाजाराचा रस्ता

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी माझी धाकटी बहीण सोलापूरहून पुण्याला राहायला आली. मेहुण्यांची बदली झाली आणि कोंढव्यात चौथ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट मिळाला. सोबत त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, वय ११ वर्षे. हा मुलगा तीन वर्षांपासून शाळेत जात नाही. आठव्या वर्षी त्याने हिफ्ज सुरू केले. सकाळी उस्तादांकडे कुरआन आणि दुपारी घरी आईजवळ मराठी, गणित, विज्ञान, इंग्रजी असा त्याचा दिवस ठरलेला. बहीण बीएस्सी आहे, आणि शिकवण्यात ती माझ्यापेक्षा कमी नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून त्याला दहावीला बसवायचे, असा दोघांचा विचार आहे. ही संस्था १९८९ पासून आहे आणि तिच्या दहावीच्या परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे हाताशी वेळ आहे. अभ्यासाची सोय अशी झालेली होती. दोस्तांची सोय मात्र कोणत्याही मंडळाच्या फॉर्मवर नसते.

सोलापुरात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. गल्लीत मामाची मुले होती, मशिदीच्या वर्गात सोबत शिकणारी वीसएक मुले होती, आणि नानांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुपारी अभ्यास संपला की हा दुकानात जाऊन बसे. येणारे-जाणारे त्याला नावाने हाक मारत. मुलगा शाळेत जात नाही, हे तिथे कोणाला जाणवतही नव्हते, कारण त्याची गल्लीच त्याची शाळा होती.

पुण्यात पहिल्या पंधरा दिवसांतच चित्र बदलले. सकाळी सातला इमारतीतली मुले व्हॅनमध्ये बसून जात. हा गॅलरीतून पाहत राही. दुपारी मुले परत येत, जेवत, ट्यूशनला जात. संध्याकाळी ती खाली खेळायला उतरत तेव्हा हा नव्या उस्तादांसमोर बसून जुने पारे ऐकवत असे. मुले वर जात तेव्हा याची सुट्टी होई. एकाच इमारतीत राहून त्याची आणि त्या मुलांची गाठ पडत नव्हती.

जुलैमध्ये एका रविवारी मी गेले तेव्हा बहिणीने स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितले, "आपा, पक्के झालेले पारे अडखळायला लागले आहेत. चौदा पारे झालेत, पण पाचव्या पाऱ्यात तो थांबतो. उस्ताद म्हणतात, मुलाचं मन लागत नाही." त्याच आठवड्यात मुलाने आईला विचारले होते, हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट किती असते आणि एकट्या मुलाला देतात का.

मेहुण्यांचे मत स्पष्ट होते. मुलाला शाळेत घाला, आपोआप दोस्त होतील. बहिणीचे म्हणणे, निम्मे हिफ्ज होत आले असताना शाळा सुरू केली तर दोन्ही अर्धवट राहील. मी शिक्षिका असल्यामुळे मी शाळेच्या बाजूने बोलेन असे दोघांनाही वाटत होते.

मी वीस वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात दोन-चार नवी मुले येतात, कोणी नांदेडहून, कोणी मालेगावहून, कोणी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून. त्यांना आपोआप दोस्त मिळतात असा माझा अनुभव नाही. पन्नास मुलांच्या वर्गात मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खाणारे मूल मी दरवर्षी पाहते. शाळा मुलाला दोस्त देत नाही. ती चार गोष्टी देते. रोज तीच जागा, रोज तीच वेळ, सर्वांना एकच काम, आणि बाकावर शेजारी बसणारे एक मूल. या चार गोष्टी जुळल्या की दोस्ती बहुतेक वेळा आपली वाट स्वतः शोधते. मी दोघांना एवढेच सांगितले की, शाळेत घालायचे की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण घरी शिकवायचे असेल तर या चार गोष्टी आता तुम्हाला जमवाव्या लागतील. सोलापुरात त्या गल्लीने जमवून दिल्या होत्या.

बहिणीने त्याआधी एक प्रयत्न करून पाहिला होता. एका रविवारी तिने बिर्याणी केली आणि आपल्या मजल्यावरच्या व वरच्या मजल्यावरच्या सात मुलांना जेवायला बोलावले. मुले आली, पोटभर जेवली, सोफ्यावर बसून एकाच्या मोबाइलवर गेम पाहत राहिली आणि "शुक्रिया आंटी" म्हणून गेली. पुन्हा कोणी आले नाही. त्यात त्या मुलांची चूक नव्हती. दावतीत एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. यजमान आणि पाहुणा एकमेकांशी अदबीने वागतात. दोस्त एकमेकांशी भांडतात, चेंडू कोणी हरवला यावर वाद घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतात.

मला अशा वेळी मदिनेची आठवण येते. इ.स. ६२२ मध्ये मक्केहून हिजरत करून आलेले लोक घरदार, व्यापार, नातलग सगळे मागे सोडून आले होते. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना मदिनेच्या लोकांच्या सर्वसाधारण सदिच्छेवर सोडले नाही. त्यांनी एका मुहाजिराचा हात एका अन्साराच्या हातात दिला आणि दोघांना भाऊ ठरवले. यालाच आपण मुआखात म्हणतो. नव्या माणसाला गर्दीची नव्हे, एका ठरावीक माणसाची गरज असते, हे त्यातून मला समजते.

त्यातलीच एक जोडी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांची. हजरत सअद यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. हजरत अब्दुर्रहमान यांनी त्यांच्या घरादाराला आणि मालाला बरकतीची दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे? ते बाजारात गेले आणि नफा म्हणून थोडे पनीर आणि तूप घेऊन परतले. व्यापार हे त्यांचे काम होते. ते करता येईल अशी जागा मिळाली आणि ते त्या शहराचे झाले. मुलाच्या बाबतीतही हेच आहे. बिर्याणी ही निम्मी मालमत्ता झाली. मुलाला हवा असतो बाजाराचा रस्ता, म्हणजे त्याला येणारी एखादी गोष्ट चारचौघांत करता येईल अशी जागा.

सुरुवात आम्ही वेळेपासून केली. बहिणीने आठवडाभर एका वहीत लिहून ठेवले की खाली मुले किती वाजता उतरतात आणि किती वाजता वर जातात. उत्तर एकच आले, असर ते मगरिब. जूनमध्ये पुण्यात मगरिब सव्वासातच्या आसपास होते, तेव्हा हा वेळ मोठा असतो. डिसेंबरमध्ये ती सहाच्या सुमारास होते आणि शाळेतून आलेल्या मुलांच्या हाती जेमतेम तास उरतो. पण मुले असतात ती याच वेळेत. आणि नेमका हाच वेळ मुलाच्या मंझिलचा, म्हणजे जुने पारे ऐकवण्याचा होता.

खरी अडचण इथे आली. हा वेळ मोकळा करायचा तर मंझिल सकाळी घ्यावी लागणार, आणि मंझिल सकाळी घेतली तर नवा सबक कमी करावा लागणार. पंधरा ओळींच्या कुरआनचे रोज एक पान तो पाठ करत होता, ते अर्ध्या पानावर आणावे लागणार होते. म्हणजे हिफ्ज पूर्ण व्हायला काही महिने नव्हे, कदाचित वर्षभर जास्त लागणार. बहीण दोन रात्री झोपली नाही. "आपा, लोक म्हणतील खेळासाठी कुरआन मागे टाकला," असे ती म्हणाली. मी तिला उस्तादांशीच बोलायला सांगितले. उस्ताद तरुण आहेत, स्वतः लहानपणी घर सोडून मदरशात राहिलेले. ते म्हणाले, "बाजी, मन जागेवर असेल तर अर्धं पान टिकतं. मन जागेवर नसेल तर पूर्ण पान पाठ होतं आणि निघून जातं. संध्याकाळ त्याला द्या." मेहुण्यांनीही मान्य केले. शाळेचा विषय त्यांनी वर्षभर बाजूला ठेवला.

वेळ मोकळी झाली, पण पहिल्याच दिवशी मुलगा दहा मिनिटांत वर आला. खाली कोणीतरी विचारले होते, "तू कुठल्या शाळेत?" शहरातल्या मुलांचा हा पहिला प्रश्न असतो आणि घरी शिकणाऱ्या मुलाजवळ त्याचे सरळ उत्तर नसते. तो गप्प राहिला. मुलांनी आपसात ठरवून टाकले की हा नापास झाला असेल किंवा याला शाळेतून काढले असेल.

आम्ही त्याला दोन वाक्ये तयार करून दिली. "मी घरी शिकतो, सकाळी हिफ्ज करतो, चौदा पारे झालेत. तू कितवीत आहेस?" पहिल्या वाक्यात लपवण्यासारखे काही नाही आणि दुसऱ्या वाक्यात समोरच्याला बोलायची संधी आहे. मी त्याच्याकडून ती मराठीत आणि उर्दूत चार-पाच वेळा म्हणवून घेतली, अगदी तोंडी परीक्षेसारखी. तो हसला, पण वाक्ये बसली. त्याच्या बोलण्यात सोलापूरची दखनी होती, "हौ" आणि "नक्को" होते. त्यावर मुले हसत. भाषा बदल असे आम्ही त्याला सांगितले नाही. नानांची बोली आहे, तिची लाज कशाला? उलट एकदा तोच म्हणाला, "तुम्हीपण बोलून बघा, नक्को म्हणायला दोन क लागतात." महिन्याभरात दोन-तीन मुले "नक्को" म्हणू लागली होती.

मोठ्यांसाठीही इथे एक गोष्ट आहे. हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याने एक छोटा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला आणि मुलगा उदास झाला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याच्याशी त्याच्या पक्ष्याबद्दल चौकशी केली. आपण मोठी माणसे नव्या मुलाला भेटलो की शाळा, इयत्ता, टक्के विचारतो. मुलाचा पक्षी कोणता आहे ते विचारत नाही.

भाच्याचा पक्षी सायकल होता, हे घरात सर्वांना माहीत होते, पण त्याचा उपयोग लगेच सुचला नाही. आधी क्रिकेट झाले. मैदान म्हणजे इमारतीमागची पार्किंगची जागा, नियम "वन टिप आउट". संघ ठरलेले, जागा भरलेल्या. मुलांनी दया म्हणून त्याला कच्चा लिंबू केले. म्हणजे तो दोन्ही बाजूंनी खेळणार, पण त्याचे आउट होणे धरायचे नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा मान असतो. अकरा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो. चार दिवस तो गेला, पाचव्या दिवशी नाही गेला.

मग बहिणीने नानांना फोन केला. नानांनी सोलापूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती एक डबा पाठवला. त्यात दोन पाने, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपर आणि रबराचे तुकडे. हातपंप मेहुण्यांनी इथेच घेतला. बहिणीने मुलाला काहीही शिकवले नाही. फक्त असरनंतर पार्किंगच्या कोपऱ्यात बसून स्वतःची सायकल साफ करायला सांगितले, रोज त्याच कोपऱ्यात.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींचा नातू चेन उतरलेली सायकल ढकलत आला. याने ती बसवून दिली. दोन दिवसांनी पंक्चर आले. बादलीत पाणी घेऊन ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते दाखवले, ती जागा घासली, सोल्यूशन लावून सुकू दिले, वर तुकडा चिकटवला. पाच मुले उकिडवी बसून पाहत होती. त्यातल्या एकाने विचारले, "मी करून बघू?" त्या प्रश्नाने भाचा पाहुणा राहिला नाही. ज्याला काही येते आणि जो ते दुसऱ्याला करू देतो, त्याच्याजवळ मुले थांबतात.

तळमजल्याचा मुलगा सातवीत आहे. आई-वडील दोघे नोकरीला, तो आजीजवळ. क्रिकेट त्यालाही फारसे जमत नाही. आपले मूल एकटे असते तेव्हा आपल्याला वाटते की बाकी सगळी मुले घोळक्यात आहेत. नीट पाहिले तर त्या घोळक्याच्या कडेला आणखी एक मूल उभे असते. आम्हाला घोळक्यात जागा शोधायची नव्हती, ते कडेचे मूल शोधायचे होते. बहीण एका संध्याकाळी खाली गेली, आजींना भेटली, आपला फोन नंबर दिला, घरी कोण कोण असते ते सांगितले. आजींनीही सांगितले. मुले कोणाच्या घरी असली तरी दार उघडे असेल आणि मगरिबच्या अजानला भाचा वर येईल, एवढे दोघींत ठरले. मुलाची दोस्ती टिकायची तर दोन घरांतल्या बायकांची ओळख लागते, हे मी शाळेतही पाहिले आहे.

पुढे सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा आल्या आणि खालची मुले पंधरा दिवस दिसेनाशी झाली. मार्चमध्ये पुन्हा तेच. शाळेचे वेळापत्रक घरी शिकणाऱ्या मुलाला ठाऊक नसते. त्याला वाटले, आपले काही चुकले. बहिणीने तळमजल्याच्या मुलाकडून परीक्षेच्या तारखा घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या, तेव्हा तो निवांत झाला. सोलापूरचे दोस्तही तोडले नाहीत. दर शुक्रवारी दुपारी मामाच्या मुलांशी फोनवर बोलणे ठरलेले आहे. जुने नाते चालू असेल तर नवे जोडण्याची घाई होत नाही.

काही वाचक भगिनी विचारतील, मुलगा आहे म्हणून पार्किंग तरी मिळाले, मुलीचे काय? प्रश्न रास्त आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की आपल्या वस्त्यांत मुलीचे खाली उतरणे कमी होते, आणि ती शाळेतही जात नसेल तर तिचे जग चार भिंतींचे होते. तिच्यासाठी जास्त मेहनत घ्यावी लागेल. पण सूत्र तेच आहे. एक जागा, एक वेळ, एक काम, एक मुलगी. गच्चीवर आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन, एखाद्या घरी शनिवारी शिवण किंवा मेंदी, मकतबमध्ये मुलींच्या वेळेत लहान मुलींना कायदा शिकवण्याची जबाबदारी, आईसोबत वाचनालयात ठरलेल्या दिवशी जाणे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी विचारते तेव्हा त्या सांगतात की दोस्ती गप्पांतून सुरू होत नाही, हातात काही काम असले की गप्पा सुटतात. मुलगी घरात शांत बसते म्हणून ती समाधानी आहे असे आपण धरून चालू नये.

आज वर्ष होऊन गेले. भाच्याचा एक पक्का दोस्त आहे, आणखी दोन-तीन मुले ओळखीची आहेत. क्रिकेटच्या संघात त्याची जागा अजून नाही, त्याला तिची फारशी पर्वाही नाही. पंधरावा आणि सोळावा पारा अर्ध्या-अर्ध्या पानाने पूर्ण झाला, सतरावा चालू आहे. पाचवा पारा आता अडखळत नाही. हाफिज होण्याची तारीख पुढे गेली, हे बहिणीने नातलगांना सरळ सांगितले. शाळेचा निर्णय चौदाव्या वर्षानंतर पुन्हा बोलायचा, असे नवरा-बायकोत ठरले आहे. तिकिटाची चौकशी मुलाने पुन्हा केलेली नाही.

आता जून येतो आहे. बदल्या होतील, भाड्याची घरे बदलतील, तुमच्या इमारतीसमोरही एखादा टेम्पो येऊन उभा राहील. घरात नवे मूल आहे असे कळले तर जेवणाचा डबा जरूर पाठवा, पण तो आपल्या मुलाच्या हाती पाठवा. आपल्या मुलाला सांगा की येते पंधरा दिवस या एका मुलाची जबाबदारी तुझी आहे. त्याचे नाव काय, त्याला काय आवडते, त्याला काय येते, एवढे विचारून ये आणि उद्या संध्याकाळी त्याला सोबत घेऊन खाली जा. ते मूल शाळेत जाते की घरी शिकते याने फरक पडत नाही. मदिनेच्या अन्सारांनी जे मोठ्या प्रमाणात केले, ते आपल्याला एका जिन्यापुरते तरी करता येईल. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची सद्बुद्धी देवो. आमीन.